चष्मेवालीचा पहिला नंबर

१ फेब्रुवारी, रविवार

ताई, उशीर झाला, माफ कर. तू वही वेळेवर पाठवलीस. आत तुझी चिठ्ठीही होती, "रोज दोन ओळी तरी लिही, वर्षअखेरीला नेहमीसारखी वह्यांची अदलाबदल करू." आणि मी ती वही उशाखाली घेऊन एकतीस दिवस नुसता झोपलो. कारण काय सांगू? पहिल्याच पानावर चूक झाली तर, ही धास्ती. चौथीत शाळा सुटलेल्या माणसाला लिहितं केलंस ते तू, स्वयंपाकघरात पाट्या पुसून पुसून. तेव्हा तूच सांभाळून घे.

आज लिहायला बसलो, कारण मला नोकरी लागली आहे. हसू नकोस. छत्री दुरुस्तीचं दुकान बंद केल्याला सहा वर्षं झाली, हातांना काम नाही आणि तोंडाला विश्रांती नाही, असं आमची ही म्हणतेच.

काल त्या चौकातल्या तीन मजली दुकानात अंगाचा साबण आणायला गेलो होतो. साबण जागेवर नाही! गेल्या महिन्यात जिथे साबण होते तिथे आता उशा. अर्धा तास फिरलो. शेवटी बादल्यांच्या मागे सापडला, तेव्हा माझा पारा चढला. आसपास कोणी नव्हतं म्हणून बादल्यांनाच सुनावलं. गाणी किती मोठ्याने लावता, किमतीच्या चिठ्ठ्या कोणाच्या डोळ्यांसाठी छापता, म्हाताऱ्याने टेकायचं कुठे. वळून बघतो तर मागे एक बाई, हातात फाईल. मला वाटलं, आता हाकलतात. बाई म्हणाल्या, "आजोबा, हेच सगळं आम्हाला कागदावर द्याल का?"

त्या दुकानाच्या कंपनीच्या पाहणीबाई निघाल्या. आवाज असा की गंजलेल्या छत्रीचा खटका दाबावा. मला दर बुधवारी दुकानात जायचंय, साध्या गिऱ्हाइकासारखं. काहीतरी घ्यायचं, सगळं बघायचं, आणि कागद भरून टपालाने पाठवायचा. दुकानात कोणालाही कळता कामा नये.

घरी सांगितलं तर ही म्हणाली, "कुरकुर करायला माणूस नेमलाय? चाळीस वर्षं मी फुकट ऐकतेय, मला नाही कोणी कंपनीवाला भेटला!"

रात्री झोप नाही. आपल्याला झेपेल ना?

४ फेब्रुवारी, बुधवार

पहिली फेरी. ओळखू येऊ नये म्हणून जावयाची जुनी उन्हाळी टोपी घातली. ही म्हणाली, "आता तर अख्खी गल्ली विचारेल, आजोबांना काय झालं." ताकाला जायचं तर भांडं लपवावंच लागतं, हे तिला कुठे कळतंय.

दारावरच्या पहारेकऱ्याचं नाव मी झडतीवाला ठेवलंय. आत जाताना पिशवी उघडली, बाहेर येतानाही उघडली. एक साबण आणि एका साबणाची पावती. त्याने ती तीनदा ताडून पाहिली, जणू मी साबणाच्या आत काही दडवलंय. तोंडाने अवाक्षर नाही. मी सारखा इकडेतिकडे बघत होतो, त्यामुळे मी खरोखरच चोर दिसत असणार.

आतली ढकलगाडी एका चाकाने लंगडी. सरळ ढकलली की डावीकडे जाते आणि लोकांच्या पोटऱ्यांवर आदळते. पैसे घ्यायला आठ खिडक्या, त्यातल्या उघड्या दोन. मधून मधून कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला मॅनेजर फिरतो. कोणी काही विचारलं की म्हणतो, "नियम आहे." त्याला आपण कडक इस्त्रीच म्हणू.

मी ज्या रांगेत होतो तिथे चष्मा लावलेली एक मुलगी होती. चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. माझ्या पुढचा माणूस फोनवर बोलत बोलत तिच्यासमोर एकेक वस्तू आपटत होता. ती काही विचारायला गेली तर त्याने बोट वर केलं, म्हणजे थांब. ती थांबली. माझी पाळी आली तेव्हा मला वाटलं, आता ही सगळा राग माझ्यावर काढणार. तर ती म्हणते, "आजोबा, हा मोठा साबण दिसतो मोठा, पण छोटे दोन घेतलेत तर जास्त दिवस पुरतील. बदलून आणू?" आणि स्वतः जाऊन घेऊन आली.

आमच्या धंद्यात आपण बसलेले आणि गिऱ्हाईक उभं. त्यामुळे मी माणूस पायांपासून बघत वर येतो. तिने खिडकीच्या आड चपला काढून ठेवल्या होत्या आणि बगळ्यासारखी एकदा या पायावर, एकदा त्या पायावर उभी होती. सकाळी नऊपासून उभी, म्हणाली. बसायचं नाही. का? तर नियम आहे.

५ फेब्रुवारी, गुरुवार

कागद भरला. बारा प्रश्न, प्रत्येकापुढे चौकोन, त्यात एक ते पाच यातला आकडा घालायचा. वर सूचना छापल्या आहेत, पण त्या मुंगीच्या अक्षरात. भिंग लावलं तर मुंग्या मोठ्या दिसल्या, एवढाच फरक. पण नंबर द्यायला सूचना कशाला हव्यात? आमच्या वर्गात आम्ही पाच जण होतो. पहिला नंबर गुरुजींच्या मुलाचा, पाचवा माझा, दरवर्षी. नंबर म्हणजे काय ते माझ्याएवढं कोणाला कळणार!

तेव्हा चष्मेवालीला सगळीकडे पहिला नंबर. बोलणं, मदत, आदर, सगळीकडे. झडतीवाल्याला पाचवा. गाण्यांना पाचवा. वस्तू पटकन सापडतात का, पाचवा. बसायची सोय? दारातला एक बाक सोडला तर काही नाही. पाचवा.

खाली "अभिप्राय" म्हणून तीन ओळी होत्या. त्या कोऱ्या ठेवल्या. ऱ्हस्व-दीर्घावरून हसतील. आकडे मात्र असे दाबून काढलेत की खालच्या वर्तमानपत्रावर उमटलेत.

टपालपेटीत कागद टाकल्यावर हात घालून तो खरंच खाली पडला का ते बघितलं. हात अडकला होता थोडा वेळ.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज गुडघ्यांनी दगा दिला. रांगेतच खांबाला धरून उभा राहिलो. चष्मेवालीने बघितलं आणि खिडकीखालून एक पालथा खोका सरकवला. वर जुन्या टॉवेलची घडी. "बसा आजोबा."

"तू नाही बसत?"

"मला परवानगी नाही. पण गिऱ्हाइकाला बसवू नये असं कुठे लिहिलेलं नाही. मी नियमांची वही दोनदा वाचलीय."

कडक इस्त्री आला, खोक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्याला लागू होईल असा नियम सापडेना. गेला.

मग चष्मेवाली म्हणाली, "काय हो आजोबा, याही बुधवारी अकरा वाजता साबणच? घरी हत्ती पाळलाय का?"

मी साबण घाईने पिशवीत कोंबला. म्हटलं, "बायकोला फार धुवायला लागतं." ती हसली. चला, संशय आला नाही.

घरी हे सांगितलं तर हिने माझ्या पानात भाजी आपटली. मग म्हणाली, "अंगाच्या साबणाने कोण कपडे धुतं? ती पोरगी आता मला काय समजत असेल!" पुढच्या बुधवारी मीही येणार, म्हणते. नको म्हटलं. ही येणारच.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

काल ही आली होती. तिने चष्मेवालीला स्पष्ट सांगितलं, "मी तशी स्वच्छ आहे हो." दोघी बराच वेळ हसल्या. रांग खोळंबली पण कोणी कुरकुर केली नाही. नंबर तेच, पहिले सगळे.

४ मार्च, बुधवार

ताई, जग उलटं चाललंय. आज दारात पाऊल टाकतो तो काय, भिंतीवर चौकट, "या महिन्याचा उत्तम कर्मचारी". आणि आत फोटो कोणाचा? झडतीवाल्याचा! याला म्हणतात वशिला. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं.

दारातला एकुलता एक बाकही काढून टाकलाय. विचारलं तर कडक इस्त्री म्हणे, "बसण्याच्या सोयीबद्दल लोक फार समाधानी आहेत, जास्तीची जागा कमी केली." गाणी आता दुप्पट मोठ्याने. "लोकांना आवडतात." साबण पुन्हा हलवलाय. आता तो दुसऱ्या मजल्यावर, पडद्यांच्या शेजारी. "लोकांना नवं नवं शोधायला आवडतं, तसे कागद आलेत." कोण आहेत हे लोक? मला एकदा भेटायचंय त्यांना.

एक गोष्ट मात्र नमूद करतो. झडतीवाला आज हसला. पिशवीत हात घालायच्या आधी "बघू का, आजोबा?" म्हणाला. एका बाईचं पोर रडत होतं तर त्याला टोपी घालायला दिली. फोटोच्या खाली उभा राहतो तेव्हा पाठ ताठ असते. मला जरा चुकल्या चुकल्यासारखं वाटलं.

११ मार्च, बुधवार

जीव नुसता तळमळतोय. चष्मेवालीला तीन दिवस कुठल्याशा वर्गाला पाठवलं होतं. हसायचं शिकवायला! तिला! आज माझी पाळी आली तर एका दमात म्हणाली, "आपलं स्वागत आहे आपला फोन नंबर सांगा आज साबणासोबत बादली घेणार का आपला दिवस आनंदाचा जावो."

मी म्हटलं, "पोरी, अगं मी आहे."

"माहीत आहे आजोबा. पण प्रत्येकाला म्हणायचंय. वर कॅमेरा आहे, मोजतात." मग पुन्हा तोंडभर हसली, वर्गात शिकवलं तसं. डोळे हसत नव्हते.

फोन नंबर विचारण्यात रांग दरवाजापर्यंत गेली. एक माणूस ओरडला, "मला पाव हवाय, सोयरीक नाही जुळवायची!" लोक हसले. ती मान खाली घालून यंत्र दाबत राहिली. खोका मात्र तिने न विचारता पुढे सरकवला.

"तुझ्यावर ही वेळ का आली?"

"कागद वाईट येतात माझे. दर आठवड्याला."

ताई, कोणीतरी नतद्रष्ट तिला पाण्यात पाहतोय. माझ्यासारखीच आणखी गुप्त गिऱ्हाइकं असणार, त्यातलाच एक. सापडू दे मला तो. छत्रीच्या दांड्याने बोलतो त्याच्याशी.

१२ मार्च, गुरुवार

कागद भरताना आज दया दाखवली नाही. चष्मेवालीला पहिला नंबर, खाली दोन रेघा. माझा एक कागद त्या नतद्रष्टाच्या दहांना भारी पडला पाहिजे. आणि न्याय म्हणजे न्याय, झडतीवाला सुधारलाय तर त्यालाही पहिला दिला. पाठवून जिवाला बरं वाटलं.

१८ मार्च, बुधवार

फोटो काढून टाकलाय. चौकट रिकामी. झडतीवाल्याने आज माझी टोपीसुद्धा काढून आत बघितलं.

पण मी लिहायला बसलो ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. चष्मेवालीला पत्र आलंय. एक एप्रिलपासून तिने गावाबाहेरच्या गोदामात जायचं, खोकी मोजायला. गिऱ्हाइकांसमोर उभी करण्यालायक नाही म्हणे. तिची आई अंथरुणाला खिळलेली. दुपारच्या सुट्टीत ही मुलगी धावत घरी जाते, आईला भरवते आणि धावत परत येते. गोदाम दीड तासावर. म्हणजे नोकरीच सोडायची.

मी म्हटलं, "कोण आहे तो कागदवाला? नाव सांग फक्त."

तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "कागदावर नाव नसतं, आजोबा. नुसते आकडे असतात." आणि म्हणाली, "बसा ना. गुडघा दुखत असेल."

मला बसवेना. उभ्यानेच निघालो. हिला आईचं आधीच ठाऊक होतं, म्हणून ही आज गरम पेज डब्यात घालून घेऊन आली होती, आईला द्यायला. डबा दोघींनी मिळून आत ठेवला.

२३ मार्च, सोमवार

आज अक्षर लागलं नाही तर राग मानू नकोस.

आज टपालाने नवा कागद आला. आकडे तेच, पण प्रत्येकाखाली तोंडं काढलीत. पाचाखाली हसरं तोंड. एकाखाली रडकं.

मी हिला म्हटलं, "छापखान्याची चूक बघ. उलटी लावलीत."

हिने कागद घेतला. जुना कागद घेतला. खिडकीशी नेऊन ती मुंगीची अक्षरं डोळ्यांजवळ धरली. मग ती पलंगावर बसली.

"अहो, तुम्ही आजवर त्या पोरीला काय देत होता?"

"पहिला नंबर. सगळीकडे."

"आणि त्या दारावरच्याला?"

"पाचवा. एकदाच पहिला."

हिने दोन्ही कागद मांडीवर ठेवले. मग एकदम हसायला लागली, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला. "अहो, तो नतद्रष्ट घरातच सापडला की!"

ताई, बाक मी काढला. गाणी मी वाढवली. साबण मी दुसऱ्या मजल्यावर नेला. आणि त्या पोरीला मी घालवलं, खाली दोन रेघा ओढून.

२४ मार्च, मंगळवार

(वही जवळ नाही. का, ते पुढे येईल. हे जुन्या कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहितोय, वही आली की आत चिकटवीन.)

सकाळी आठला पाहणीबाईंच्या कचेरीबाहेर उभा होतो. कचेरी दहाला उघडते. ही बरोबर होती. "तुम्ही वाटेत मागे फिराल," म्हणाली. मी फिरलोही होतो, दोनदा.

सगळं सांगितलं. पाहणीबाई म्हणाल्या, "आजोबा, भरलेला कागद बदलता येत नाही. आता ती मुलगी जाणार म्हणून दया येऊन तुम्ही म्हणत असाल. मला पुरावा लागेल. अभिप्राय तरी लिहायचे होते! तीन तीन ओळी दिल्या होत्या."

"चुका होतील म्हणून नाही लिहिले."

"मग आता कशावरून धरू?"

तेव्हा ही मला कोपराने ढोसत म्हणाली, "वही द्या ना."

तुझी वही माझ्या पिशवीत होती, नेहमीच असते. मी ती छातीशी धरली. तीत काय काय आहे! तुझ्यासाठी लिहिलेलं. हिच्याबद्दल आहे, माझ्या रडगाण्याबद्दल आहे. आणि पहिल्याच पानावर पाहणीबाईंच्या आवाजाबद्दल. माझ्या अशुद्ध अक्षरातलं सगळं. ताई, त्या क्षणी वाटलं, आपण साबणाच्या दुकानात गेलोच नसतो तर!

मग चष्मेवालीच्या आईची आठवण झाली. तिला दुपारी कोण भरवेल?

दिली वही. पाहणीबाईंनी तिथेच वाचायला सुरुवात केली. आम्ही समोर बसलो. पहिलं पान. त्यांच्या भुवया वर गेल्या. "गंजलेल्या छत्रीचा खटका?"

मी म्हटलं, "छत्री चांगली असते हो बाई. नुसता खटका..."

ही म्हणाली, "तुम्ही गप्प बसा."

पाहणीबाईंनी तोंडावर फाईल धरली. फाईल हलत होती. रागाने की कशाने, मला कळलं नाही. म्हणाल्या, "ही राहू दे माझ्याकडे चार दिवस."

२५ मार्च, बुधवार

अकराला दुकानात गेलो. साबण न घेता थेट तिच्या खिडकीशी. रांगेत मागे कोणी नव्हतं, बरं झालं.

"पोरी, ते कागद माझे."

"माहीत आहे आजोबा."

"माहीत आहे? कधीपासून?"

"पहिल्या बुधवारपासून. अख्ख्या दुकानाला माहीत आहे. आजी सांगत होत्या, तुम्ही ज्यांना कडक इस्त्री म्हणता, त्यांनाही. उन्हाळी टोपी घालून, डोळे फाडून छताकडे बघत, एक साबण घेऊन कोण फिरतं?"

मी म्हटलं, "म्हणजे मी तुला वाईट नंबर देतोय हे तुला ठाऊक होतं? आणि तरी तू मला खोका देत होतीस?"

"मग काय करणार? एक दिलात म्हणून तुमचा गुडघा दुखायचा थांबतो का?" आणि मग जरा थांबून म्हणाली, "राग यायचा. घरी जाऊन आईला सांगायची, तोंडावर गोड बोलतो म्हातारा आणि मागून सुरी चालवतो. आई म्हणायची, कोणाची काय अडचण असेल, आपल्याला काय माहीत."

मग मी तिला पाच मुलांचा वर्ग सांगितला. पहिला कोण, पाचवा कोण. तिने आधी ऐकून घेतलं. मग तिला कळलं. मग ती अशी हसली की शेजारच्या खिडकीतली धावत आली. तिला सांगितलं, ती हसली. दोघी चपला सोडून खाली बसल्या, पोट धरून, नियम असताना! झडतीवाला आत डोकावला. त्यालाही सांगितलं.

तो मात्र हसला नाही. "म्हणजे माझा फोटो चुकून लागला होता," म्हणाला. "बायकोला दाखवायला आणलं होतं मी. पोरांनाही." मग टोपी सारखी करत म्हणाला, "अकरा वर्षं दारात आहे. मला कोणी चांगलं म्हटलंच नव्हतं. म्हटलं तेव्हा वाटलं, असूही आपण."

मी म्हटलं, "नंतर दिलेला पहिला नंबर खरा होता. मनापासून दिला होता." त्याने हिशेब लावायला थोडा वेळ घेतला. मग मान डोलावली आणि जाता जाता गाण्याचं बटण खाली केलं.

३१ मार्च, मंगळवार

वही परत आली! चिकटवायचे कागद चिकटवले.

दुकान उघडायच्या आधी पाहणीबाईंनी सगळ्यांना तळमजल्यावर गोळा केलं होतं. मलाही बोलावलं. मी हिच्या मागे उभा होतो. बाईंनी माझे सगळे कागद उलटे केले, एकाचे पाच, पाचाचा एक. गोदामाचं पत्र सगळ्यांसमोर फाडलं. चष्मेवालीने चष्मा काढला आणि पुसतच राहिली. आमची ही तिच्याकडे धावली, तिला जवळ घेतलं, आणि चष्म्याची दोऱ्याची दांडी निसटली. मी तिथेच खिशातली तार काढून बसवून दिली. छत्रीची काडी आणि चष्म्याची दांडी यात फार फरक नाही.

बाक परत दारात. साबण पुन्हा बादल्यांशेजारी आणि तिथेच राहणार. गाणी बंद, तर पहिल्यांदा लोकांचे आवाज ऐकू आले. फोन नंबर विचारायचं बंद. आणि आठही खिडक्यांत उंच स्टुलं, एक महिना करून बघू म्हणून.

पाहणीबाई म्हणाल्या, "कर्मचारी बसले तर गिऱ्हाइकाला आळशी वाटतात, असं आमचं पुस्तक सांगतं. आजोबांच्या वहीत मात्र पहिल्याच दिवशी तिचे पाय आलेत. आम्ही तीन वर्षं पाहणी करतोय, पाय कोणी पाहिलेच नाहीत."

मग मला विचारलं, "चौकटीत फोटो कोणाचा लावू?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हटलं, "चौकट मोठी आहे. दोन बसतील." झडतीवाल्याने ऐकलं की नाही कळलं नाही, कारण तो दाराकडे तोंड करून उभा होता. बाहेर गिऱ्हाईक आलं होतं. त्याने दार उघडलं आणि म्हणाला, "या. बाकावर बसा थोडं, उघडतोच आहोत."

निघताना बघितलं, तर तिसऱ्या खिडकीच्या स्टुलावर कडक इस्त्री बसला होता. कोणी बघत नाही असं वाटून त्याने बूट सैल केले होते.

५ एप्रिल, रविवार

ताई, वर्ष संपायच्या आत वही पाठवतोय म्हणून चकित होशील. कारण भयंकर आहे.

काल पाहणीबाई घरी आल्या होत्या. कंपनीची आणखी चाळीस दुकानं आहेत म्हणे. त्या सगळ्यांचे मॅनेजर अठरा तारखेला एकत्र जमणार, आणि त्यांच्यासमोर ही वही मी वाचायची. मी! चौथी नापास! म्हटलं, तुम्ही वाचा. तर म्हणतात, "माझा आवाज गंजलेल्या खटक्यासारखा आहे, लोक ऐकणार नाहीत." त्यांच्या डोळ्यांत तेव्हा काय होतं ते मला अजून लागत नाही.

ही एका शब्दात हो म्हणून मोकळी झाली. तेव्हापासून माझं जेवण बंद आहे. म्हणजे जेवतो, पण चव लागत नाही. चष्मेवालीला सांगितलं तर ती त्या दिवशी सुट्टी काढून आईला चाकाच्या खुर्चीवर घेऊन येणार आहे. झडतीवाला म्हणतो, दारावर मी उभा राहतो, मधे कोणी उठून गेलं तर बघून घेईन.

तेव्हा तू एवढं कर. लाल पेन्सिल घे आणि ऱ्हस्व-दीर्घ सगळे नीट कर. शब्द मात्र एकही कापू नकोस. हिला हसू आलं ते, मी टपालपेटीत हात अडकवला ते, सगळं राहू दे. लोकांना हसू येईल, येऊ दे. फक्त चुकांमुळे नको.

आणि वही पंधरा तारखेच्या आत इथे पोचली पाहिजे. उद्या सकाळीच टाकतो. बघ, तुझ्याकडे पोचायला तीन दिवस, परतीला तीन, म्हणजे तुझ्या हातात दोन-तीन दिवस राहतात. नाही जमलं तर निदान एक ओळ टाक. मी जावं का? वाचावं का? ही म्हणते वाचा, पण हिचं काय सांगू, हिने तर पुढच्या रांगेतली जागासुद्धा ठरवून ठेवलीय. तू मोठी आहेस. तू म्हणालीस तर वाचीन, नाही म्हणालीस तरी बहुधा वाचीनच, पण तुझं ऐकल्याशिवाय माझे पाय उचलणार नाहीत. लवकर कळव, ताई. वाट बघतोय. टपालवाल्याला दारातच गाठणार आहे.